धूर कोणाचा?

बाजारांत गेलों असतां आपण भाजी निवडून घेतों. किडलेलें वांगें बाजूस सारतों, दूध पातळ लागलें तर गवळ्याशीं तंटा करतों, आणि पावसाळ्यांत पाणी गढूळ आलें म्हणजे तुरटी फिरवून, गाळून मग पितों. हवेच्या बाबतींत मात्र अशी निवड करण्याची सोय नाहीं. जी पुढ्यांत येईल ती घ्यावी लागते, आणि ती दिवसांतून सुमारें वीस हजार वेळां घ्यावी लागते. मोठा मनुष्य चोवीस तासांत दहा हजार लिटरांहून अधिक हवा आंत घेतो. तिचें वजन केलें तर तें बारा किलोंच्या आसपास भरेल, म्हणजे त्याच दिवसाच्या अन्नपाण्याहून कितीतरी अधिक. असें असून अन्नाची जेवढी चिकित्सा आपण करतों तिचा शतांशहि हवेची करीत नाहीं. या लेखांत दूषित हवेपासून होणाऱ्या सर्व रोगांची यादी देण्याचा आमचा विचार नाहीं. एका शहराची हकीकत सांगावी, आणि तेथून मुंबईच्या वाटेनें आपल्या स्वयंपाकघरांतील चुलीपर्यंत यावें, एवढाच आमचा बेत आहे.

हवा म्हणजे रिकामी जागा, हा लहानपणींचा समज विज्ञानाच्या पहिल्या दोन धड्यांतच नाहींसा होतो. नत्रवायु, प्राणवायु, किंचित् आर्गॉन, थोडी वाफ आणि फारच थोडा कर्बाम्लवायु, ही तिची मूळची बेरीज. या बेरजेंत मनुष्य जें मिसळतो तें दोन प्रकारचें असतें. एक वायुरूप : गंधकमिश्रित कोळसा जळतांना निघणारा तिखट वायु, मोटारींच्या यंत्रांतून बाहेर पडणारे नत्राचे वायु, आणि अर्धवट जळालेल्या कोळशाचा तो बिनवासाचा, बिनरंगाचा परंतु प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड. दुसरें कणरूप : काजळी, राख, धूळ, सिमेंटची भुकटी. या कणांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण त्यांची गंमत अशी कीं, जे डोळ्यांस दिसतात ते कमी वाईट, आणि जे दिसत नाहींत ते अधिक वाईट.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. पीठ चाळतांना उडणारी किंवा फळा पुसतांना दिसणारी मोठी धूळ नाकांतील केसांत व ओलाव्यांत अडकते. तेथून जी सुटते ती श्वासनलिकेंतील अत्यंत बारीक लवेवर पडते. ही लव शेतांतील वाऱ्यानें हलणाऱ्या पिकासारखी अहोरात्र हलत असते, आणि पडलेला मळ बेडक्यासह वर ढकलीत असते. शिंक आणि खोकला हे तिचे मदतनीस. परंतु ही सगळी पहाऱ्याची व्यवस्था दहा मायक्रॉन व त्याहून मोठ्या कणांपुरतीच नीट चालते. अडीच मायक्रॉनांहून लहान कण या पहारेकऱ्यांच्या हातीं लागत नाहींत. ते थेट फुफ्फुसांच्या तळाशीं, वायुकोशांपर्यंत जातात. असे वायुकोश आपल्या छातींत तीस कोटींहून अधिक आहेत, आणि ते सर्व उलगडून पसरले तर सुमारें सत्तर चौरस मीटर, म्हणजे आमच्या शाळेंतील एका मोठ्या वर्गाची जमीन झांकून जाईल. एवढ्या विस्तृत आणि इतक्या पातळ पडद्याच्या एका अंगास हवा व दुसऱ्या अंगास रक्त असतें. त्यामुळें अतिसूक्ष्म कणांपैकीं कांहीं रक्तांतहि उतरतात. म्हणून धुरानें केवळ दमा व खोकला होतो असें नाहीं. हृदयविकार व पक्षाघात यांच्या कारणांतहि आज डॉक्टर लोक धुराची गणना करतात. आणि २०१३ सालीं कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेनें बाहेरच्या दूषित हवेस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें.

आतां त्या शहराकडे वळूं. लंडन आणि कोळसा यांचा संबंध सातशें वर्षांचा आहे. जवळचीं रानें तुटून लांकूड महाग झालें, तेव्हां उत्तरेकडून जहाजांनीं येणारा दगडी कोळसा लोक जाळूं लागले. त्याच्या दुर्गंधीनें त्रासून चौदाव्या शतकाच्या आरंभीं राजा पहिला एडवर्ड यानें तो जाळण्याची मनाई केली. मनाई कागदावर राहिली. ज्यास थंडींत दुसरें जळण मिळत नाहीं तो मनुष्य राजाज्ञा पेटवून हात शेकूं शकत नाहीं, हें त्या दरबारांत कोणाच्या लक्षांत आलें नसावें.

पुढें १६६१ सालीं जॉन ईव्हलिन नांवाच्या विद्वान गृहस्थानें दुसऱ्या चार्ल्स राजास अर्पण करून 'फ्यूमिफ्यूजियम' हें छोटेखानी पुस्तक छापलें. धुरानें घरांतील सामान काळें पडतें, बागेंतील फुलें कोमेजतात, आणि लंडनकर खोकून खोकून मरतात, अशी त्याची तक्रार. उपायहि त्यानें सुचविला : मद्य गाळणारे, रंगारी, साबण करणारे, चुना भाजणारे यांच्या भट्ट्या नदीच्या खालच्या अंगास शहराबाहेर न्याव्या, व शहराभोंवतीं सुवासिक झाडाझुडपांचीं कुंपणें लावावीं. राजानें पुस्तकाची तारीफ केली. त्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. परंतु आम्हांस या पुस्तकांतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ईव्हलिननें सगळा दोष धंद्यांच्या भट्ट्यांवर ठेविला, आणि घरोघरच्या चुलींस जवळ जवळ निर्दोष म्हणून सोडून दिलें. धूर हा नेहमीं शेजाऱ्याचा असतो, स्वतःच्या घरांतून निघते ती ऊब, ही समजूत तेव्हांपासून जी दृढ झाली ती तीनशें वर्षें हालली नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत कायदे झाले, परंतु तेहि याच समजुतीवर उभे होते. १८७५ च्या इंग्लंडांतील सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें कारखान्यांच्या 'काळ्या धुरास' बंदी केली. राहत्या घरांचीं धुराडीं मात्र वगळलीं. बरें, कारखान्यांना तरी दंड व्हावा. तर आरोपीचा वकील उभा राहून सांगे कीं, आमच्या अशिलाचा धूर काळा नसून गडद तपकिरी आहे, सबब तो या कलमांत बसत नाहीं! कायद्याच्या शब्दांतून धूर इतक्या सहज निसटत असे. त्या काळीं फ्रेंच चित्रकार क्लोद मोने लंडनांत येऊन या धुरकट प्रकाशाचीं सुंदर चित्रें काढीत बसला होता. चित्रें खरोखरच सुंदर आहेत. मात्र तीं पाहतांना त्या पिवळ्या-जांभळ्या छटांखालीं लक्षावधि लोक श्वास घेत होते, याचा विसर पडूं नये. धूर व धुकें यांच्या या मिश्रणास १९०५ सालीं लंडनच्याच एका डॉक्टरानें दोन इंग्रजी शब्द जोडून 'स्मॉग' असें नांव दिलें. मराठींत त्यास 'धुरकें' म्हणतात.

यानंतर १९५२ सालचा डिसेंबर आला. त्या महिन्याच्या ५ तारखेस, शुक्रवारीं, लंडनवर हवा अगदीं निश्चल झाली. एरवीं जमिनीलगतची हवा उबदार व वरची थंड असते. त्यामुळें धूर वर चढतो आणि वारा त्यास घेऊन जातो. त्या दिवशीं उलट झालें. खालीं गारठा, आणि त्यावर उबदार हवेचा थर. पातेल्यावर झांकण बसावें तसा हा थर शहरावर बसला. कडाक्याची थंडी, म्हणून प्रत्येक घरानें शेगडींत अधिक कोळसा घातला. जितका कोळसा अधिक तितका धूर अधिक, आणि झांकण तर हालत नाहीं. महायुद्धानें आलेलें कर्ज फेडण्याकरितां इंग्लंड आपला चांगला कोळसा परदेशीं विकीत होतें, व घरच्या लोकांच्या वांट्यास हलका, चुऱ्याचा, गंधकयुक्त माल येत होता, हीहि गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. त्या दिवसांत रोज सुमारें एक हजार टन काजळी लंडनच्या हवेंत पडत होती. रोज ३७० टन गंधकाचा वायु निघून धुक्याच्या थेंबांत विरघळे, आणि त्याचें गंधकाम्ल होई. ज्यांनीं प्रयोगशाळेंत गंधकाम्लाचा एक थेंब कापडावर पडलेला पाहिला आहे, त्यांना यापुढें कांहीं सांगावयास नको.

असें पांच दिवस चाललें. भरदिवसा पुढचा मनुष्य दिसेना. बसगाडीच्या पुढें तिचा वाहक हातांत दिवा घेऊन पायीं चाले, आणि त्याच्या मागून गाडी सरके; शेवटीं गाड्याहि बंद झाल्या, आणि भुयारी रेल्वे तेवढी चालू राहिली. रुग्णवाहिका अडकल्या. एका नाट्यगृहांत संगीत नाटक चालू असतां धुरकें आंत शिरलें, आणि प्रेक्षकांस रंगमंच दिसेना म्हणून खेळ अर्ध्यावर थांबवावा लागला. गुरांच्या प्रदर्शनासाठीं आणलेलीं कांहीं उत्कृष्ट जनावरें धापा टाकूं लागलीं, व त्यांतील कांहीं दगावलीं. वर्तमानपत्रांत गुरांची बातमी लागलीच आली. माणसांची यावयास उशीर झाला. कारण माणसें एका ठिकाणीं मेलीं नव्हतीं. कोठें खाटेवर खिळलेला एखादा म्हातारा, कोठें तान्हें मूल, कोठें वर्षानुवर्षें खोकणारा गोदी-कामगार. प्रत्येक जण आपापल्या घरीं, आपापल्या जुन्या दुखण्यानें गेला असेंच घरच्यांस वाटलें. ९ तारखेस वारा सुटला आणि धुरकें निघून गेलें. मग मृत्युनोंदींची बेरीज झाली. नेहमींपेक्षां सुमारें चार हजार मृत्यु अधिक भरले. पुढें संशोधकांनीं त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांतील वाढीव मृत्यूहि हिशेबांत घेतले, तेव्हां ही संख्या बारा हजारांपर्यंत जाते असें त्यांस आढळलें. सरकारी अहवालानें त्या मागाहूनच्या मृत्यूंचें खापर इन्फ्ल्युएंझाच्या माथीं फोडलें होतें.

इतके लोक जाऊनहि सरकारनें आरंभीं फारशी उत्सुकता दाखविली नाहीं. लोकमताच्या रेट्यानें १९५३ सालीं सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. समितीनें जें सांगितलें तें ईव्हलिनच्या मताच्या अगदीं उलट होतें : धुराचा फार मोठा भाग घरोघरच्या उघड्या शेगड्यांतून येतो, आणि त्यांस हात घातल्यावांचून हवा शुद्ध होणार नाहीं. त्यावरून जुलै १९५६ मध्यें स्वच्छ हवेचा कायदा झाला. स्थानिक संस्थांनीं आपल्या हद्दींत 'धूर-नियंत्रित विभाग' जाहीर करावे, आणि त्या विभागांत घरांतूनसुद्धां धूर काढूं नये, असें त्यांत ठरलें. लोकांनीं कोळशाऐवजीं कोक, गॅस किंवा वीज वापरावी, हा त्याचा अर्थ.

परंतु नुसती बंदी करून हा कायदा थांबला असता तर पहिल्या एडवर्डच्या हुकुमासारखीच त्याची गत झाली असती. जुनी शेगडी काढून नवी बसविण्याचा जो खर्च येईल त्याच्या दहा भागांपैकीं सात भाग सार्वजनिक तिजोरींतून द्यावे, अशी तरतूद त्यांत होती. आमच्या मतें कायद्याचें सगळें मर्म या एका कलमांत आहे. गरिबास 'धूर करूं नकोस' म्हणणें सोपें; त्याच्या हातांत दुसरी शेगडी ठेवणें खर्चाचें. लंडननें तो खर्च केला. बदल एका वर्षांत झाला नाहीं. १९६२ च्या डिसेंबरांत पुन्हां धुरकें पडलें व पुन्हां लोक मेले, जरी १९५२ पेक्षां पुष्कळ कमी. पण हळूहळू काजळी कमी होत गेली, आणि हिंवाळ्यांत लंडनच्या मध्यभागीं पूर्वींपेक्षां अधिक तास ऊन दिसूं लागलें.

ही झाली यशाची बाजू. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वीज करण्यासाठीं कोळसा जळतच होता. तेव्हां वीजघरांचीं धुराडीं फार उंच बांधण्यांत आलीं, म्हणजे धूर खालीं न येतां वरच्या वर जावा. तो गेलाहि. पण वर गेलेला गंधक कोठें तरी खालीं येणारच. तो पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून नॉर्वे-स्वीडनच्या सरोवरांत आम्लपर्जन्य होऊन उतरला, आणि तेथील मासे मेले. स्वीडननें १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेंत हें गाऱ्हाणें मांडलें, आणि १९७९ सालीं जिनीव्हा येथें युरोपांतील व अमेरिकेंतील राष्ट्रांनीं सीमेपलीकडे जाणाऱ्या दूषित हवेविषयीं करार केला. झाडलेला केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणारी माणसें आपण गल्लींत पाहतों. राष्ट्रेंहि तेंच करतात.

आतां आपल्या मुंबईकडे येऊं. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं तेथें कापडाची पहिली गिरणी काढली, आणि पन्नास-साठ वर्षांत परळ-लालबाग-भायखळ्याचें आकाश धुराड्यांनीं भरून गेलें. १९१२ सालीं मुंबई सरकारनें धुराच्या उपद्रवाचा कायदा केला. कलकत्त्यासाठीं बंगालनें तो १९०५ सालींच केला होता. धूर किती काळा आहे हें ठरविण्यासाठीं त्या काळीं रिंगेलमान या फ्रेंच शास्त्रज्ञाचा तक्ता वापरीत. पांढऱ्या कागदावर कमीअधिक दाट काळ्या रेघांचीं घरें आखलेलीं असत. निरीक्षकानें तो दूर धरून धुराड्याच्या तोंडाशीं असलेल्या धुराशीं ताडून पाहावें. तपकिरी धुराची सबब सांगणाऱ्या वकिलास हें उत्तर बरें होतें.

तथापि मुंबईच्या गिरण्यांचा धूर कायद्यानें जेवढा कमी केला त्याहून अधिक घाटावरच्या पाण्यानें केला असें आम्हांस वाटतें. लोणावळ्याच्या बाजूस पावसाचें पाणी अडवून तें नळांनीं खालीं खोपोलीस सोडावयाचें, आणि त्या धबधब्यावर वीज करून ती मुंबईच्या गिरण्यांस पुरवावयाची, ही टाटांची योजना १९१५ सालीं सुरू झाली. ज्या गिरणीनें ही वीज घेतली तिची वाफेची भट्टी तेवढी थंडावली. १९२५ च्या फेब्रुवारीच्या ३ तारखेस बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत विजेवर चालणारी पहिली आगगाडी धांवली. तिला आगगाडी म्हणावयाचें तें संवयीनें. तींत आगहि नव्हती आणि धूरहि नव्हता.

येथें एक गोष्ट गाळून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. याच पाण्याच्या विजेसाठीं मुळशी पेट्यांत निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां मावळांतील पन्नासाच्या आसपास गांवांची भातखाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं १९२१ पासून तीन वर्षें मावळ्यांनीं सत्याग्रह केला. ते हरले, धरण झालें. मुंबईच्या गिरणगांवांतील एखाद्या मुलाची छाती थोडी स्वच्छ राहिली असेल, तर तिच्या किमतींतील कांहीं हिस्सा मुळशीच्या शेतकऱ्यानें भरला आहे. आजहि हा हिशेब मिटलेला नाहीं. चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, त्याची वीज तारांवरून राज्यभर जाते, आणि राख व धूर चंद्रपुरास राहतो.

मुंबईस निसर्गानें एक देणगी दिली आहे, ती भूगोलाच्या पुस्तकांत आपण सगळेच शिकलों आहों. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्रीं जमिनीवरून मतलई वारे सुटतात. शहराची हवा अशी रोज झाडून निघते. या झाडणीवर मुंबईकर पुष्कळ वर्षें विसंबून राहिले. पण पावसाळा सरला कीं वारे मंदावतात, खारा वारा दिवसा उशिरां येतो, आणि मग बांधकामाची धूळ, मोटारींचा धूर व उघड्यावर जाळलेला कचरा हीं सगळीं शहरांतच घोटाळत राहतात. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईची हवा इतकी बिघडली कीं उच्च न्यायालयानें आपण होऊन त्याची दखल घेतली, आणि महानगरपालिकेस बांधकामांभोंवतीं उंच पत्रे व ओलीं कापडें लावण्याचे, धुळीवर पाणी मारण्याचे नियम काढावे लागले. पाव भाजणाऱ्या भट्ट्यांत लांकडाऐवजीं गॅस किंवा वीज वापरावी असाहि आग्रह न्यायालयानें पुढें धरला. पाव मुंबईच्या गरिबाचें अन्न आहे. भट्टी बदलण्याचा खर्च त्या लहान दुकानदारानें एकट्यानें सोसावा कीं लंडनप्रमाणें तिजोरीनें वांटून घ्यावा, हा प्रश्न येथेंहि उभा आहेच.

न्यायालयाच्या आज्ञेनें कांहीं होतच नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. दिल्लींतील सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालवाव्या असें सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं फर्माविलें; पुष्कळ ओढाताण होऊन १९०२ नव्हे, २००२ अखेर तें काम पुरें झालें, आणि काळा धूर ओकणाऱ्या बसगाड्या दिल्लीच्या रस्त्यांवरून गेल्या. (वर्षाच्या आंकड्यांत एक शतकाची चूक होण्याइतका काळ ही ओढाताण चालली होती असें त्या वेळच्या प्रवाशांस वाटलें असल्यास नवल नाहीं.) पेट्रोलांतील शिसें, जें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें, तेंहि २००० सालीं देशभर बंद झालें. पुढें दिल्लींत मोटारींची संख्या इतकी वाढली कीं मिळविलेलें पुष्कळसें हातचें गेलें, ही गोष्ट वेगळी. १९८१ पासून आपल्या देशांत हवेच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे, आणि २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर अशीं आपलीं कितीतरी शहरें घेतलीं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटरांत ५ मायक्रोग्रॅमांहून अधिक नसावी असें सांगितलें; आपल्या २००९ च्या मानांत ती मर्यादा ४० आहे. एवढ्यावरून आपण कोठें उभे आहों तें समजेल.

या सर्व चर्चेंत रस्ते, गिरण्या व मोटारीच येतात. आतां आम्हांस त्या जागेकडे यावयाचें आहे जिकडे ईव्हलिननें पाहिलें नाहीं. खेड्यांतील पहांट डोळ्यांपुढें आणा. कौलांतून निळसर धूर निघत आहे. कवींना व प्रवाशांना तें दृश्य फार आवडतें. त्या कौलांखालीं एक बाई उकिडवी बसून फुंकणीनें ओलें लांकूड पेटवीत आहे. पावसाळ्यांत सरपण दमट, गोवऱ्या दमट. ज्वाळेपेक्षां धूरच अधिक. चुलीवर भाकरी, वैलावर कोरड्यास, आणि मांडीवर किंवा पाठीशीं लहान मूल. डोळ्यांस पदर लावीत तिनें दिवसांतून दोन वेळां असे तास दीड तास काढावयाचे, आणि तेंहि आयुष्यभर. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी यांनीं गुजरातेंतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर लहान मापनयंत्रें लावून पाहिलीं. चुलीपुढच्या हवेंत एका घनमीटरास कित्येक हजार मायक्रोग्रॅम कण निघाले. ज्या लंडनच्या धुरक्याची हकीकत आम्ही वर एवढ्या विस्तारानें सांगितली, त्याच जातीची हवा या स्त्रिया रोज घेत होत्या, आणि तिच्यासाठीं कोणी समिति नेमली नव्हती.

या धुरानें स्त्रियांस जुनाट खोकला व दम लागण्याचा रोग जडतो, डोळ्यांत मोतीबिंदु लवकर येतो, आणि मांडीवरच्या मुलास फुफ्फुसाचा दाह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मेलीं; त्यांत पांच वर्षांखालील मुलें दोन लक्षांहून अधिक होतीं. बाहेरच्या दूषित हवेचा २०१९ सालचा आंकडा ४२ लक्ष आहे. म्हणजे चूल ही मोटारी व गिरण्या यांच्या फार मागें नाहीं.

२०१६ पासून सरकारनें गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें गॅसची जोडणी देण्याची उज्ज्वला योजना चालविली, आणि तींतून दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हें काम मोठें आहे. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत शंभरांपैकीं सुमारें ५९ घरेंच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत असल्याचें दिसलें. कारण जोडणी एकदां मिळते आणि टाकी वारंवार भरावी लागते. ज्या घरांत रोजची मजुरी रोज संपते तेथें टाकी कोपऱ्यांत जपून ठेवितात, पाहुणा आला तर चहापुरती पेटवितात, आणि भाकरी पुन्हां चुलीवर. कांहीं लोक म्हणतात, बायकांस चुलीवरच्या भाकरीची गोडी सुटत नाहीं. आम्हांस हें कारण पटत नाहीं. गोडी असते ती बहुधा जेवणाऱ्यास, फुंकणाऱ्यास नव्हे.

जेथें गॅस परवडत नाहीं तेथें निदान चुलीवर धुराडें घालावें, भिंतींत झरोका ठेवावा, सरपण उन्हांत खडखडीत वाळवावें, आणि मुलास चुलीपासून दूर ठेवावें. याला पैसा थोडा लागतो. हिंवाळ्यांत खोलीचीं दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशीं घेऊन निजणें हें तर साक्षात् मृत्यूस बोलावणें होय. पालापाचोळा व प्लॅस्टिकचा कचरा जाळूं नये. उंसाचें पाचट पेटवून देण्याऐवजीं शेतांतच कुजविलें तर जमिनीस खत मिळतें, हें आमच्या शेतकरी घरांतील विद्यार्थ्यांनीं घरीं अवश्य बोलावें. राब भाजणाऱ्या कोंकणांतील मंडळींशीं मात्र जपून बोलावें, कारण तेथें हा वाद घरोघर जुना आहे.

शेवटीं एक सोपा प्रयोग. विज्ञानवर्गांत सूक्ष्मदर्शकासाठीं ज्या कांचेच्या पट्ट्या असतात त्यांतील तीन घ्याव्या. प्रत्येकीवर खोबरेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. एक घराच्या गच्चीवर किंवा कौलाखालीं उंच जागीं, दुसरी रस्त्याकडच्या खिडकींत, आणि तिसरी स्वयंपाकघरांत चुलीच्या किंवा शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवावी. पावसांत किंवा मुंग्यांच्या वाटेवर ठेवूं नये. आठ दिवसांनीं तिन्ही पट्ट्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहाव्या, आणि मग सूक्ष्मदर्शकाखालीं धराव्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर जागा, तारीख आणि घरीं कोणतें जळण वापरतात तें लिहावें. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या वर्गांतील कांहीं जणांनीं हा प्रयोग केला, तेव्हां बहुतेकांनीं रस्त्याकडील पट्टी सर्वांत काळी निघेल असें आधींच वहींत लिहून ठेविलें होतें. पुष्कळांना तें खोडावें लागलें.